नासार्श, तमकश्वास आणि वेदनाशामक गोळी

मुरुडसारख्या किनाऱ्यावरील गावी पावसाळ्यात पीनसाचे व दम्याचे रुग्ण नित्याचेच. त्या गर्दीत एक निराळा रुग्ण नजरेतून निसटतो, आमच्याही निसटला. चाळिशीतील एक गृहस्थ पडशासाठी वारंवार येत. ‘वास येत नाही’ असे ते दर वेळी सांगत, आम्ही ते पडशाच्या खाती घालत असू. एका रात्री पाठदुखीवर त्यांनी दुकानातील गोळी घेतली आणि तासाभरात नाक गळू लागून तीव्र श्वासवेग आला. वेळेवर दापोलीस नेले म्हणून निभावले.

नासार्श, तमकश्वास व अ‍ॅस्पिरिनची असहिष्णुता हे त्रिकूट विदाल यांनी १९२२ मध्ये, तर सॅम्टर व बिअर्स यांनी १९६८ मध्ये वर्णिले. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. कॉक्स-१ हे विकर रोखले गेल्याने ल्युकोट्राइन्स वाढतात व श्वासनलिका आकुंचित होतात. म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही तोच वेग येतो. त्वचेच्या वा रक्ताच्या चाचणीने हे निश्चित होत नाही. अ‍ॅस्पिरिन देऊन पाहण्याची परीक्षा सुसज्ज रुग्णालयातच व्हावी. आपल्या हाती उरतात प्रश्न आणि दर्शन.

तमकश्वासाच्या वर्णनात प्रतिलोम वायू कफास उदीरित करून पीनस उत्पन्न करतो, असे चरकाचार्य सांगतात. तरीही दम्याच्या रुग्णाचे नाक आपण बॅटरीने किती वेळा पाहतो? नासार्श फिकट, चकचकीत, सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, स्पर्शास दुखत नाही व या व्याधीत बहुधा दोन्ही बाजूंस असतो. एकाच बाजूस असून रक्त येत असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

बालपणी दमा नसता तिशी-चाळिशीत हटवादी पीनस, गंधनाश व मागाहून दमा, असा क्रम दिसल्यास संशय घ्यावा. ‘औषध सोसत नाही का?’ असे विचारून भागत नाही. ‘डोके दुखल्यास कोणती गोळी घेता? नंतर दोन-तीन तासांत नाक गळते का, छाती भरते का?’ असे विचारावे. ज्याने अशी गोळी कधी घेतलीच नाही, तो निर्धोक ठरत नाही. हृदयविकारासाठी रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, हेही पाहावे. आपल्या फडताळातील गंधपुरा तेल म्हणजे मुख्यत्वे मिथाइल सॅलिसिलेटच, हेही विसरू नये.

संशय येताच केसपेपरवर लाल शाईने नोंद करावी, टाळावयाच्या गोळ्यांची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात द्यावी. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांस सोसते. आपली चिकित्सा चालू असताना श्वासाचा पंप मात्र परस्पर बंद करवू नये.