घरातील बॅटरी आणि वीज कंपनीचा हिशेब

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात हिमवादळात झाडे तारांवर कोसळून वीज जाणे नित्याचे असल्याने, तेथील ‘ग्रीन माउंटन पॉवर’ या वितरण कंपनीने 2017 मध्ये टेस्लाच्या ‘पॉवरवॉल’ बॅटऱ्या ग्राहकांच्या घरी अल्प मासिक आकारात बसवण्यास आरंभ केला. पुढे साडेतेरा युनिट साठवणाऱ्या अशा दोन बॅटऱ्या दहा वर्षांच्या करारावर दरमहा 55 डॉलरला मिळू लागल्या.

ही सवलत अर्थातच औदार्यापोटी नव्हती. व्हरमाँट ज्याचा भाग आहे त्या न्यू इंग्लंड प्रदेशाच्या सामाईक वीजजाळ्यात ‘क्षमता-आकार’, म्हणजे पुरेशी वीजकेंद्रे सज्ज ठेवण्याचा खर्च, वर्षातील सर्वाधिक मागणीच्या एका तासात प्रत्येक कंपनीने किती वीज ओढली यावरून वाटला जात असे, तर उच्चदाब वाहिन्यांचा खर्च प्रत्येक महिन्याच्या अशाच शिखर-तासावर अवलंबून असतो. त्यामुळे तो तास आधीच ओळखून हजारो घरगुती बॅटऱ्यांतील वीज इंटरनेटद्वारे एकाच वेळी वापरात आणली की कंपनीची देयके घटतात आणि त्या बचतीचा लाभ सर्वच ग्राहकांच्या दरांना होतो. विखुरलेल्या साधनांच्या अशा एकत्रित संचालनास ‘आभासी वीजकेंद्र’ म्हणतात.

ग्राहकाची बॅटरी ऐन गरजेच्या वेळी रिकामी असण्याची शंका रास्त आहे. मात्र वादळाचा अंदाज येताच कंपनी बॅटऱ्या पूर्ण भरून राखून ठेवते. या योजनेत दरवर्षी सामील होऊ शकणाऱ्या ग्राहकांच्या संख्येवरील मर्यादा राज्याच्या नियामक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये उठवली.