सहेरीची खिचडी आणि अर्ध्या तासाची उसंत

रमजानमध्ये पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास गल्लीतला पहिला आवाज मशिदीच्या भोंग्याचा नसतो, तो कुकरच्या शिट्टीचा असतो. एका घरातून एक शिट्टी, पलीकडून दुसरी. शेजारचे काका-काकू कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात; वर्षानुवर्षांच्या शेजारामुळे महिनाभराची ही शिट्टी त्यांच्याही सवयीची झालेली असते. घरात मात्र त्या शिट्टीपाशी एक बाई उभी असते. एका शेगडीवर खिचडी, दुसऱ्यावर खीमा, मधूनच चहाचे आधण. शिट्ट्या मोजायच्या, गॅस बारीक करायचा, मुलांना हाका मारायच्या, सासूबाईंची साखरेची गोळी द्यायची. सगळ्यांची ताटे वाढून झाली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत स्वतः चार घास घाईघाईने गिळायचे, कारण सहेरीची वेळ संपायला पाचच मिनिटे उरलेली असतात.

सहेरी म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीचे जेवण. त्यात बरकत आहे, ती चुकवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण पहाटेचा हाच प्रहर तहज्जुदच्या नमाजचा आणि दुआचाही मानला जातो. घरातले पुरुष त्या वेळी मुसल्यावर असतात आणि बायका ओट्याशी, हे चित्र अनेक घरांत वर्षानुवर्षे तसेच आहे. शेवटच्या दहा रात्रींत, जेव्हा शबे-कद्रच्या शोधात लोक रात्र जागवतात, तेव्हा हा फरक अधिकच टोचतो. तक्रार कुणी करत नाही. पण गेल्या काही वर्षांत रमजानच्या तोंडावर घरोघरी एक चर्चा ऐकू येऊ लागली आहे : भाताचा विजेवरचा कुकर घ्यावा का? घ्यावा तर कोणता? आणि खिशाला परवडेल असा?

एका गृहिणीच्या झोपेतून निघालेले यंत्र

या कुकरचा जन्मच मुळी पहाटेच्या स्वयंपाकाच्या प्रश्नातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये गृहिणी भल्या पहाटे उठून चुलीवर भात शिजवत. विस्तवावरून नजर हटली की भात करपलाच. तोशिबा कंपनीने स्वयंचलित कुकर बनवायचे ठरवले आणि ते काम योशितादा मिनामी या लहान कारखानदाराकडे आले. भात नेमका कधी शिजतो, हे त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरातच तपासले. थंडीत, उकाड्यात, वेगवेगळ्या वेळी त्या भात लावत राहिल्या, तापमानाच्या नोंदी ठेवत राहिल्या. पाणी उकळू लागल्यावर साधारण वीस मिनिटांनी आच बंद झाली तर भात उत्तम होतो, हे हाती लागले. मग दोन भांड्यांची युक्ती निघाली : बाहेरच्या भांड्यात मोजके पाणी, ते आटायला वीस मिनिटे लागतात, आटले की तापमान चढते आणि कळ आपोआप बंद होते. १९५५च्या डिसेंबरमध्ये हा कुकर ३,२०० येनला बाजारात आला. नव्या पदवीधराच्या पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा, म्हणजे तेव्हा तो स्वस्त नव्हता. तरीही थोड्याच वर्षांत तो जपानी स्वयंपाकघरात रुळला, कारण त्याने बाईला पहाटेची झोप परत दिली.

आपल्याकडे तो आधी पोहोचला तो दक्षिणेत, जिथे तीन वेळा भात लागतो. कोकणातल्या मुस्लिम घरांत तो आखातातून आला. रत्नागिरी-रायगडची माणसे दुबई-कुवेतहून सुट्टीवर येताना खजूर आणि अत्तराबरोबर खोक्यात कुकरही आणत. मराठवाड्यात, जिथे भाकरीचे राज्य, तिथे तो उशिरा आला. पण सहेरीची खिचडी, खीमा आणि खट्टा ही दख्खनी न्याहारी तर याच पट्ट्यातली. म्हणून प्रश्नही इथलाच.

त्याला शिजलेले कळते कसे?

आजच्या साध्या कुकरमध्ये दोन भांडी नसतात. तळाशी तापणारी तबकडी असते आणि तिच्या मध्यभागी एक लोहचुंबक. पाणी उकळत असते तोवर भांड्याचा तळ १०० अंशांच्या वर फारसा जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकले की तळ एकदम तापू लागतो. १०० अंशांच्या थोडे वर गेल्यावर त्या चुंबकाची ओढ नाहीशी होते आणि खटका ‘खट्’ करून खाली पडतो. शिजवणे थांबते, भात गरम ठेवण्याची मंद आच सुरू होते. याचा अर्थ, या कुकरला वेळ कळत नाही, पाणी कळते. एक वाटी लावा की पाच वाट्या, पाणी संपले की तो थांबणार. भात चांगला होणे न होणे हे शंभर टक्के पाण्याच्या मापावर आहे, यंत्राच्या किमतीवर नाही.

हे एकदा लक्षात आले की दुकानातला निम्मा गोंधळ संपतो. काचेचे झाकण, रंगीत दिवे, दहा बटणे यांनी भात बदलत नाही. एक खटका आणि दोन दिवे असलेले साधे यंत्र घरच्या भाताला पुरते. अशी यंत्रे साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळतात.

दुकानात काय विचारावे

पहिला प्रश्न मापाचा. खोक्यावर ‘एक लिटर’, ‘१.८ लिटर’ असे छापलेले असते, पण ते माप सगळे उत्पादक सारखे धरत नाहीत. म्हणून सरळ विचारावे : ‘यात जास्तीत जास्त कच्चा तांदूळ किती किलो शिजतो?’ चार-पाच माणसांच्या घराला एका वेळी अर्धा किलो तांदूळ भरपूर झाला. इफ्तारला पाहुणे येतात म्हणून मोठा कुकर घेण्याचा मोह होतो. पण पाहुणे वर्षातून चार दिवस, आणि मोठ्या भांड्यात रोजचा मूठभर भात तळाशी कोरडा पडतो. सोबत मिळणारी प्लास्टिकची वाटी १८० मिलिलिटरची असते, आपल्या घरच्या वाटीपेक्षा वा चहाच्या मगापेक्षा वेगळी. भांड्याच्या आतल्या रेघा त्याच वाटीच्या हिशेबाने आखलेल्या असतात. तांदूळ घरच्या वाटीने आणि पाणी रेघेने घेतले की पहिल्याच दिवशी भाताचा गिचका होतो आणि दोष यंत्राला जातो.

दुसरा प्रश्न भांड्याचा. साधे ॲल्युमिनियम, काळा न चिकटणारा थर दिलेले, आणि स्टील, असे प्रकार असतात. काळ्या थराचे धुवायला सोपे, पण त्यात स्टीलचा डाव फिरवला किंवा तांदूळ त्यातच चोळून धुतले की थर ओरखडतो. एकत्र कुटुंबात, जिथे पाच हात एकच भांडे घासतात, तिथे साधे भांडे जास्त टिकते. भांडे कोणतेही असो, तळ सपाट हवा. पडून पोचा आला तर तबकडीशी नीट टेकत नाही आणि खटका अवेळी पडतो. बाहेरची बाजू पुसून कोरडी करूनच भांडे ठेवायचे.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. आयएसआय चिन्ह, तीन पिनांची वायर आणि घरात खरोखरचे अर्थिंग. जुन्या वाड्यांतून तीन भोकांचे सॉकेट असते, पण मागे अर्थची तार नसते. दोन हजारांचा कुकर आणण्याआधी वायरमनला बोलावून ते पाहून घेणे हाच खरा पहिला खर्च. ओले हात आणि अर्धवट झोप, दोन्ही एकदम असतात ती वेळ पहाटेचीच.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. गावात याचा खटका, भांडे, झाकण सुटे मिळते का? मिळत नसेल तर दोनशे रुपयांची बचत महागात पडते.

वीज, आणि वीज नसताना

सातशे वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.३५ युनिट वीज लागते. तीस सहेऱ्यांचे साडेदहा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांचा हिशेब. गॅसच्या तुलनेत यात फार मोठी बचत नाही, आणि बचतीसाठी तो घेऊही नये. भात तासन्‌तास गरम ठेवत बसलात तर आणखी वीज जाते आणि भातही वाळतो.

घरच्या इन्व्हर्टरवर हा कुकर लावू नये. उष्णता देणारी उपकरणे बॅटरी झपाट्याने रिकामी करतात. व्होल्टेज कमी असेल तर वेळ वाढतो : २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर उष्णता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये हा अनुभव नवा नाही. तेव्हा प्रेशर कुकर माळ्यावर टाकायचा नाही. वीज गेली तर तोच धावून येतो.

तूरडाळीच्या वरणालाही प्रेशर कुकरच हवा. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापते, म्हणून तूर लवकर गळते. विजेच्या साध्या कुकरमध्ये ती ताठ राहते. सुदैवाने सहेरीची खिचडी मसुरीच्या डाळीची. मसूर आणि तांदूळ बरोबरीने शिजतात. फक्त डाळीचा फेस येतो, त्यामुळे भांडे निम्म्याहून जास्त भरायचे नाही. कांदा या कुकरमध्ये परतत बसू नये. कोरडे भांडे तापले की खटका पडतो. फोडणी कढईत करून वरून ओतावी. मांड काढून भात खाणाऱ्यांसाठी हे यंत्र नाही. बिर्याणीचा दम किंवा हलीमची घोटाई त्याच्याकडून अपेक्षू नये.

एक सावधगिरी वयस्कर मंडळी नेमकी सांगतात, आणि ती शास्त्रालाही धरून आहे : तरावीहच्या वेळी शिजवलेला भात तसाच झाकून सहेरीला खाऊ नये. कोमट भातात वाढणारे जंतू पुन्हा तापवल्यानेही सगळे निरुपद्रवी होत नाहीत. उकाड्यात तर नाहीच. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये, नाहीतर ताजा.

अर्धा तास कुणाचा?

सासूबाई म्हणतात, ‘मशीन का भात है, उसमें क्या मज़ा!’ आणि सून गप्प बसते. चवीचा मुद्दा खोटा नाही. चुलीवरच्या भाताची सर याला नाही. पण ताटात काय पडते याइतकाच, ते शिजताना घरातली बाई कुठे असते, हाही प्रश्न आहे. रात्री तांदूळ-डाळ निवडून मापून ठेवली, पहाटे धुऊन पाणी घातले आणि खटका दाबला की पुढचा अर्धा तास तिथे कुणी उभे राहायची गरज नाही. ना शिट्टी मोजायची, ना आच बघायची. त्या अर्ध्या तासात वुजू करून चार रकात होतात. किंवा, जिला सकाळी आठला शाळेत शिकवायला जायचे आहे, तिची अर्ध्या तासाची झोप होते. झोप हीसुद्धा रोजेदाराची गरजच.

दुसरी गोष्ट याहून मोठी. शिट्टीचा कुकर ‘जमणाऱ्या’ माणसालाच जमतो, असा समज आहे. खटक्याच्या कुकरपाशी ती सबब उरत नाही. दोन वाट्या तांदूळ, रेघेपर्यंत पाणी आणि एक बोट. बारावीतला मुलगा ते करू शकतो, त्याचे अब्बूही करू शकतात. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे हजरत आयशा यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. ही सुन्नत पाळायला यंत्र लागत नाही. पण यंत्राने ती सोपी होत असेल तर दीड-दोन हजार रुपये वाया गेले असे कोण म्हणेल?

आणि ज्यांच्या घरी माणसे कमी, प्रेशर कुकर चांगला आणि हात वाटून घेणारे आहेत, त्यांनी हा खर्च नाही केला तरी काही बिघडत नाही. खाण्यापिण्याची मोकळीक देणाऱ्या कुरआनाने उधळपट्टीलाही मनाई केली आहे. शेजारणीने घेतला म्हणून घेतलेला सहा हजारांचा कुकर ईदनंतर कपाटावर जाऊन बसतो, आणि पुढच्या रमजानपर्यंत त्याच्यावर धूळ साचते.

घेतलाच, तर तो वर्षभर वापरावा. शेजारच्या काकूंच्या घरीही पाच वाजता डबे भरायचे असतात. श्रावणातला उपास असो की मुलाची परीक्षा, पहाटे आधी उठणारी बाईच असते. काकू विचारतीलच, ‘आपा, हल्ली तुमची शिट्टी ऐकू येत नाही. तब्येत बरी आहे ना?’ तेव्हा हसून सांगावे, की तब्येत उत्तम आहे. पहाटे आता दुआ मागायला वेळ मिळतो. त्यात शेजाऱ्यांसाठीही दुआ असते.