सावद्याहून सिमरोलला

ऑक्टोबर सरत आला की सावद्याच्या शिवारात केळीच्या कांदेबागाची लागवड आटोपत आलेली असते आणि त्याच दिवसांत इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेनचे फॉर्म सुटतात. मृगबाग धरायचा की कांदेबाग, कंद लावायचे की टिश्यू कल्चरची रोपं, पिलबाग ठेवायचा की खोडं काढून टाकायची, हे सगळं आपल्याकडचा शेतकरी पाण्याचा, मजुरीचा आणि भावाचा अंदाज घेऊन ठरवतो. बारावीतल्या पोरीच्या फॉर्मची वेळ आली की हाच माणूस एकदम दोन टोकांपैकी एकावर जातो. एक टोक : "आपल्यासारख्यांचं काम नाही ते, भाऊ." दुसरं टोक : पोरीला क्लाससाठी कोट्याला पाठवायचं आणि त्यासाठी वावर गहाण टाकायचं.

गोंधळ होतो तो तीन वेगवेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे. फॉर्म भरायचा का, हा एक. तयारीवर किती पैसा आणि किती वर्षं घालायची, हा दुसरा. आणि नंबर लागलाच तर जायचं का, हा तिसरा. तिन्हींची किंमत वेगळी आहे, आणि तिसऱ्याची भीती पहिल्यावर काढण्यात काही अर्थ नाही.

फॉर्म सगळ्यांत स्वस्त. २०२५ साली जेईई मेनच्या एका सत्राला खुल्या गटातल्या मुलाला १,००० रुपये पडले, मुलीला ८००, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींना ५००. त्यापुढच्या, आयआयटीसाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला ३,२०० आणि मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना १,६००. फवारणीच्या एका फेरीलाही यापेक्षा जास्त लागतात. त्यामुळे "उगाच पैसे वाया जातील" हे कारण मला तरी पटत नाही. खरं कारण बहुधा वेगळं असतं. नाही लागला नंबर, तर गल्लीत काय सांगायचं?

आता निवड कशी होते ते पाहू. २०२५ मध्ये जेईई मेनला पावणेपंधरा लाखांच्या आसपास मुलं बसली. त्यांतून वरची अडीच लाख अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतात. त्या परीक्षेचे दोन्ही पेपर १,८०,४२२ जणांनी दिले, ५४,३७८ जण उत्तीर्ण झाले आणि देशातल्या २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १८,१६०. भागाकार केला तर ऐंशीमागे एक जागा येते. हा आकडा ऐकला की बाप हात टेकतो. पण तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे, तुमच्या पोरीचा नाही. त्या पंधरा लाखांत शेजारच्यानं भरला म्हणून फॉर्म भरलेले आहेत, एनआयटीपुरतीच मेन देणारे आहेत आणि आठवीपासून तेवढंच करणारेही आहेत. ही लॉटरी नाही, रांग आहे. पोरगी रांगेत साधारण कुठे उभी आहे, एवढंच शोधायचं असतं, आणि ते घरबसल्या शोधता येतं.

त्याआधी पर्सेंटाइलचा घोळ निस्तरू, कारण शिकलेली माणसंही तिथे चुकतात. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के मार्क नव्हेत. शंभर मुलं मार्कांप्रमाणे रांगेत उभी केली तर साधारण नव्वद तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ साली अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या गटाला ९३.१० पर्सेंटाइल लागले, ओबीसीला ७९.४३, ईडब्ल्यूएसला ८०.३८, अनुसूचित जातींना ६१.१५, जमातींना ४७.९०. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तर आपल्या शाळेतल्या सवयीला धक्काच बसतो. ३६० पैकी खुल्या गटाची उत्तीर्णतेची रेषा २०२४ मध्ये १०९ होती, २०२५ मध्ये पेपर अवघड आला आणि ती ७४ वर उतरली. दहावीला पंच्याण्णव टक्के घेतलेल्या मुलीला सरावात शंभर मार्क पडले की ती रडते, घरचे गप्प होतात आणि विषय मिटतो. वास्तविक शंभर मार्क ही काही मान खाली घालण्याची गोष्ट नव्हे. अर्थात उत्तीर्ण होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. चोपन्न हजारांतल्या अठरा हजारांनाच जागा आहे.

मोजण्याची रीत साधी आहे. अ‍ॅडव्हान्स्डचे जुने पेपर परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक रविवार धरा. सकाळी नऊ ते बारा पहिला पेपर, दुपारी अडीच ते साडेपाच दुसरा, खऱ्या परीक्षेसारखा एकाच दिवशी. लाइट गेली तर जाऊ द्या. तपासायला दुसरं कुणीतरी घ्या आणि चुकलेल्या उत्तरांचे मार्क निर्दयपणे कापा. असे तीन वर्षांचे पेपर झाले की बेरजेपेक्षा चुकांचा स्वभाव बघा. धडा झालेलाच नाही म्हणून सुटलं नाही, हे भरून निघतं. येत होतं पण वेळ पुरला नाही, तेही पुष्कळसं सुधारतं. प्रश्न काय विचारतोय हेच बहुतेक ठिकाणी कळत नसेल, तर चार महिन्यांत चमत्कार होईल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. माझा स्वतःचा निकष मात्र मार्कांचा नाहीच. न सुटलेलं गणित पोरगी रात्री जेवताना स्वतःहून काढते का? काढत असेल तर अ‍ॅडव्हान्स्डचाही फॉर्म भरा. पेपर मिटल्यावर तिनं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही, तर मेन आणि राज्याची सीईटी पुरे.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. मेनचा पेपर मराठीतही मिळतो, पण अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातल्या मुलीनं सराव त्या भाषेत केला नसेल तर तिचे मार्क विषयामुळे नव्हे, भाषेमुळे जातात. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीत किंवा उर्दूत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. दुसरं, आयआयटीत प्रवेशाला बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. क्लासच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवलेली मुलं इथे अडकतात.

आता अंतर. "एवढ्या लांब मुंबईला?" असं घरोघर ऐकू येतं. नकाशा काढून बघा. सावद्याला सगळ्यांत जवळची आयआयटी मुंबईची नाही, इंदूरची आहे. तिचा परिसर इंदूर शहरात नसून सिमरोलला, इंदूर-खंडवा रस्त्यावर आहे. सावद्याहून रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा या आपल्या नेहमीच्या वाटेनं गेलं की इंदूरच्या अलीकडेच ती लागते, मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर. भोपाळचंही तसंच. तिथे आयसर आहे, अझीम प्रेमजी विद्यापीठाचा नवा परिसर आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. आपल्या स्टेशनावरून केळी दिल्लीला जातात त्याच खंडव्याच्या लाइनवरून पुढे भोपाळ येतं, आणि रेल्वेनं ते पुण्यापेक्षा जवळ पडतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या बऱ्हाणपूरशी व्यापार केला, पण शिक्षणाचं नाव निघालं की तोंड पुण्याकडेच वळतं.

पैशाचा हिशेब मात्र जरा बारकाईनं करावा लागतो. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला दोन लाख. एवढं वाचूनच पुष्कळ घरं पान उलटतात. पण अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कोणत्याही प्रवर्गाला पूर्ण माफ, आणि एक ते पाच लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. राहतो तो वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च. कर्ज लागलंच तर केंद्राची २०२४ सालची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. ठरावीक नामवंत संस्थांत प्रवेश मिळाला की बँक तारण आणि जामीनदार न मागता कर्ज देते. सातबाऱ्यावर बोजा चढत नाही.

दुसऱ्या पारड्यात राज्याच्या संस्था ठेवा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, राज्याच्या कॅप फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. म्हणजे मुंबईचं व्हीजेटीआय (१८८७), पुण्याचं सीओईपी (१८५४) किंवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (१९३३) अशा मुलीला फीपुरत्या जवळजवळ फुकट पडतात. यांतली एकही सोपी नाही. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर रसायन तंत्रज्ञान संस्थेतूनच पुढे गेले. नवख्या आयआयटीत मिळेल ती शाखा घेण्यापेक्षा इथली मनासारखी शाखा घेणं मला अनेकदा शहाणपणाचं वाटतं.

आणि अवघड संस्था म्हणजे फक्त आयआयटी, हेही खरं नाही. विज्ञानाची खरी ओढ असलेल्यांसाठी पुणे, भोपाळसह सात आयसर आहेत. त्यांच्या परीक्षेत साठ प्रश्न असतात, जीव, रसायन, गणित आणि भौतिकाचे पंधरा-पंधरा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या पदवीलाही ती परीक्षा चालते. गणितात रमणारी पण घड्याळापुढे गडबडणारी मुलगी असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे जुने पेपर तिच्यापुढे ठेवा. तिथे उत्तरासोबत सिद्धताही लिहून मागतात. महालनोबिसांनी १९३१ मध्ये काढलेली कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था तर निवडलेल्या मुलांना विद्यावेतन देते. कायद्यासाठी क्लॅट आहे, डिझाइनसाठी एनआयडीची परीक्षा आहे. या परीक्षांचे क्लास आपल्या भागात फारसे नाहीत, म्हणून त्यांची नावंही कानावर येत नाहीत.

निकालानंतर आयआयटी-एनआयटींच्या जागा जोसा नावाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून वाटल्या जातात. तिथे लोक हमखास एक चूक करतात : मिळण्यासारखी जागा वर टाकतात आणि हवी असलेली खाली. यंत्रणा तुमच्या यादीच्या वरून खाली येते आणि तुमच्या रँकला मिळू शकणारी पहिली जागा देते. वर अशक्य नाव टाकलं म्हणून खालची संधी हुकत नाही. म्हणून यादी मनातल्या क्रमानंच लावा. राज्याच्या कॅपमध्ये मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, तेव्हा तिथे पहिल्या ओळीत तेच लिहा जिथे पोरगी खरोखर जाणार आहे. मुलींसाठी आणखी एक : आयआयटींत २०१८ पासून मुलींच्या जादा जागा आहेत, त्यामुळे तिची रँक मुलांच्या कटऑफशी ताडून निराश होऊ नका.

ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचं काय? अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. पहिल्या वेळी रेषेच्या जवळपास पोचलेल्या आणि स्वतःहून पुन्हा बसायला तयार असलेल्या मुलीलाच ते वर्ष द्यावं, आणि तेही राज्यातल्या एखाद्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवून. बापाची हौस म्हणून घेतलेला ड्रॉप मी चांगला संपलेला पाहिलेला नाही.

जायचं का, हा तिसरा प्रश्न जूनपर्यंत बाजूला ठेवता येतो, पण तो सोपा नसतो. शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली, तिच्यातला पांडुरंग खानदेशातून पुण्यात शिकायला जातो. त्याचं तिथलं एकटेपण आजच्या वसतिगृहातही तसंच भेटतं. पोरीशी त्याबद्दल बोला, पण फॉर्म अडवून नव्हे. नाहीच जायचं ठरलं तर फैजपूरला १९६१ पासून धनाजी नाना महाविद्यालय आहे. तिथून बी.एस्सी. करून 'जॅम' परीक्षा दिली की एम.एस्सी.ला आयआयटीचं दार पुन्हा समोर येतं. त्या वाटेनं देशभरात सुमारे ३,००० जागा भरतात.

सरतेशेवटी कागद, कारण मुलं परीक्षेत नाही तर इथे बाद होतात. ओबीसीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. त्याची तारीख त्या वर्षीच्या १ एप्रिलची किंवा नंतरची हवी, आणि ईडब्ल्यूएसलाही तोच नियम आहे. ओबीसीच्या आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसच्या आठ लाखांत धरतात, आणि तिथे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली की घर अपात्रच ठरतं. तेव्हा सातबारा, शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि रावेरच्या तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला यांची फाइल मार्चमध्येच लावून ठेवा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फैजपूरचं प्रांत कार्यालय गाठा.