गर्भ उत्तम आहे, पण गाय तयार आहे का?

प्रभादेवी स्टेशनवरून पूर्वेला परळकडे चालत गेलं, की या विषयाशी नातं असलेल्या दोन जागा लागतात. एक केईएम रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बेबी इथेच जन्मली. दुसरी, १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय.

गावी गोठा असलेले रुग्ण हल्ली मला एक प्रश्न विचारतात. जातिवंत गाईचा गर्भ पैसे भरून साध्या गाईत सोडला आणि ती उलटली, म्हणजे गर्भ खराब होता का? दर वेळी तसं नसतं. पुष्कळदा प्रश्न गर्भ वाढवणाऱ्या पालक गाईचा असतो.

साधारणपणे सात दिवसांचा गर्भ सोडतात. म्हणून पालक गाईलाही माजावर येऊन सातच दिवस झालेले हवेत. एखाद्या दिवसाचा फरक चालतो, त्याहून जास्त झाला की यश घसरतं. माज ओसरल्यावर बीजकोशात पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवतं. त्यावरच गर्भपिशवीचं अस्तर पोसतं. पशुवैद्य हात घालून आधी हा पीतपिंड चाचपतात आणि तो ज्या बाजूला असेल, त्याच बाजूच्या शिंगात गर्भ सोडतात. (गाईच्या गर्भपिशवीला दोन लांब शिंगं असतात. बाईच्या गर्भाशयात ही भानगड नाही.)

खरी परीक्षा पुढे असते. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत तो ठिपक्याएवढा गर्भ काही इंच लांब दोऱ्यासारखा होतो आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून ‘मी आहे’ असं गर्भपिशवीला कळवतो. निरोप वेळेत पोचला नाही, तर गर्भपिशवी प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड विरतो आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास गाय पुन्हा माजावर येते. बाईच्या शरीरात हेच काम एचसीजी करतं. घरच्या तपासणीपट्टीवर दिसतं ते हेच. गाईला ती पट्टी उपयोगाची नाही. महिनाभराने सोनोग्राफी किंवा दोनेक महिन्यांनी हाताने तपासणी, हे नेहमीचे मार्ग.

मग पालक म्हणून गाय कोणती निवडावी? नियमित माजावर येणारी, अंगाने ना हाडकुळी ना फार चरबी चढलेली. पुरेशी वाढलेली कालवड बहुधा उजवी ठरते, कारण भरपूर दूध देणाऱ्या गाईची ताकद दुधात जाते. मागच्या वेतात वार अडकली असेल किंवा पिशवीत पू झाला असेल, तर आधी उपचार. कडक उन्हाळ्यात सावली आणि पाणी नसेल, तर थांबलेलं बरं. मुका माज दिवसा नजरेतून निसटतो. पहाटे आणि रात्री उशिरा लक्ष ठेवावं आणि तारीख वहीत लिहावी. तारखेचा अंदाज चुकला, तर महागडा गर्भही वाया जातो.

हे सगळं जमूनही ताज्या गर्भाचं यश साधारण निम्म्याच्या आसपास असतं, गोठवलेल्याचं त्याहून कमी. त्यामुळे एकदा उलटलेली गाय लगेच विकू नका. पुन्हा पुन्हा उलटली, तर मात्र पुढचा गर्भ सोडण्याआधी तिची पिशवी तपासून घ्या.