आधी बाह्या, मग घोडा, शेवटी जॉकी

घोड्यांच्या शर्यतीचा जुना फोटो हातात पडला की लोक घोड्याचं तोंड न्याहाळतात. मी आधी जॉकीच्या बाह्या बघतो. पुण्यात कॅम्पातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये माझं उभं आयुष्य गेलं आणि वडील रेसकोर्सवर सईस होते. त्यामुळे फोटो आणि घोडे, दोन्ही लहानपणापासून ओळखीचे. आता लोक ट्रंकेतून निघालेले, कडा दुमडलेले फोटो घेऊन येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हा घोडा कोणता आणि वर बसलेला कोण?

जॉकीच्या अंगावरचा रंगीत सदरा आणि टोपी त्याची स्वतःची नसते, ती घोड्याच्या मालकाची असते. प्रत्येक मालकाचे रंग क्लबाकडे नोंदवलेले असतात: अंग कोणत्या रंगाचं, बाह्या कशा, पट्टे आडवे की उभे, टोपी कोणती. एकाच दिवशी पाच मालकांचे घोडे चालवणारा जॉकी पाच वेगवेगळ्या सदऱ्यांत दिसतो. म्हणून सदऱ्यावरून जॉकी ओळखायला जाऊ नये. सदरा मालकाचा पत्ता देतो. मालक कळला की त्याचे घोडे कळतात, आणि शोधाचं मैदान एकदम लहान होतं.

पण फोटो काळापांढरा असतो आणि इथेच भलेभले फसतात. जुन्या काचेच्या प्लेटना आणि सुरुवातीच्या फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल बाही काळी उमटायची, आणि निळा सदरा इतका फिका की पांढराच वाटावा. १९०९ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या मिनोरू घोड्यानं एप्सम डर्बी जिंकली, वर हर्बर्ट जोन्स होता. राजाच्या सदऱ्याच्या बाह्या लालभडक. त्या काळच्या प्लेटवर त्या काळ्याकुट्ट दिसणार. घोड्याच्या अंगाचंही तेच. तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपटी असलेला तो बे, आयाळही तांबूस असलेला तो चेस्टनट. लाल न दिसणाऱ्या प्लेटवर दोघेही गडदच येतात. सगळ्या रंगांना बऱ्यापैकी न्याय देणारी पँक्रोमॅटिक फिल्म पुढे १९२०-३०च्या दशकांत रुळली. त्यामुळे फोटो कोणत्या काळातला, हे ठरवल्याशिवाय काळ्याला काळा म्हणू नये.

दुसरी खात्री करायची ती फोटो उलटा छापलेला नाही ना, याची. निगेटिव्ह पालथी पडली की डावं उजवं होतं, आणि आम्ही डार्करूमवाल्यांनी हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. खोगिराखालच्या कापडावरचा आकडा दिसत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा कोट बघा; पुरुषांच्या कोटाचा डावा पदर वर येतो. घोड्याची आयाळही बघा. रेसच्या घोड्याची आयाळ परंपरेनं उजव्या अंगाला वळवलेली असते. ही खातरजमा झाली की मगच घोड्याच्या खुणांकडे जायचं.

खुणा म्हणजे कपाळावरचा टिळा, नाकापर्यंत उतरलेला पट्टा, पायांतले पांढरे मोजे आणि केसांचे भोवरे. आपल्याकडे भोवऱ्यांवरून शुभाशुभ बघत. ओळख पटवायला ते खरोखरच उपयोगी, कारण भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही. शिंगराच्या वर्णनात या खुणा लिहून ठेवतात, आणि भारतीय थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद आपल्या पुण्यातूनच सांभाळली जाते. अंगाचा रंग मात्र दगा देतो. ग्रे घोडा तिसऱ्या वर्षी लोखंडासारखा दिसतो आणि म्हातारपणी पांढराशुभ्र होतो.

खुणा वाचायला धावत्या घोड्याचा फोटो फारसा कामाचा नाही. ताशी ६० किलोमीटरनं धावणारा घोडा सेकंदाच्या शंभराव्या भागात १६ सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकतो. पायातला मोजा तेवढ्यात पुसट होतो. शर्यत जिंकल्यावर मालक लगाम धरून घोडा आत आणतो, त्या वेळचा उभा फोटो सगळ्यात चांगला.

एवढं करूनही नीट विचार लागतो, हे सांगायला मी नेहमी बडोद्याचं उदाहरण देतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली. ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. पुढे याच महाराजांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं आणि त्याला आपल्या आजोबांचं, सयाजीराव हे नाव दिलं. त्या घोड्यानं १९४७ साली डॉन्कास्टरला सेंट लेजर जिंकली. वर पुन्हा ब्रिटच. मालक एक, जॉकी एक, गाव आणि घोडा वेगळा. अशा वेळी धावण्याची दिशा कामाला येते. महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावतात, म्हणजे स्टँडमधून बघताना उजवीकडून डावीकडे जातात. डॉन्कास्टरला बरोबर उलटं. आणि सगळ्यात साधा भेद, ती घोडी होती आणि हा घोडा.

हाच साधा भेद एका कुटुंबाच्या फोटोत कामी आला. त्यांच्या फोटोमागे लिहिलं होतं: ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल, पहिली डर्बी, १९४३’. लगाम धरून उभा असलेला सईस म्हणजे आपले आजोबा, असं घरात सांगत आले होते. अक्षरं बॉलपेनची होती. बॉलपेन बाजारात आलं तेच १९४५च्या सुमारास, म्हणजे मजकूर नंतरचा. भिंग लावलं तर घोडा निःसंशय नर. पहिल्या डर्बीची गोष्ट तिथेच संपली. कापडावर ७ हा आकडा होता, कपाळावरचा पट्टा उजव्या नाकपुडीकडे कललेला, मागच्या डाव्या पायात मोजा. हे सगळं घेऊन जुन्या वर्तमानपत्रांतले निकाल चाळले. घोडा सापडला. शर्यत डर्बी नव्हती, साधी हँडिकॅप होती.

कुटुंबाला वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, आता आजोबांकडे बघू. त्यांच्या लग्नातला फोटो मागवला. दोन्ही फोटोंतला उजवा कान शेजारी ठेवला. कानाची घडण वयानं फारशी बदलत नाही. डाव्या हाताची करंगळी दोन्हीकडे सारखीच वाकडी होती. आजोबा तेच होते. डर्बी गेली, पण आजोबा पक्के झाले, आणि माझ्या मते घरासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

जॉकी मी मुद्दाम शेवटी शोधतो. टोपीखाली निम्मा चेहरा झाकलेला असतो, उरलेल्यावर धूळ किंवा चिखल. चेहऱ्यावरून अंदाज केला की मन आपल्याला आवडणारं मोठं नावच सुचवतं; मराठी घरात पांडू खाडे, नाहीतर वसंत शिंदे. मालक, घोडा आणि तारीख ठरली की जॉकीचं नाव निकालातच छापलेलं मिळतं. मग रिकिबीची लांबी, बसण्याची ढब आणि कान बघून ते ताडून घ्यायचं.

आजकाल मोबाइलवर जुना फोटो रंगीत करून आणतात. कृपा करून त्यावरून सदऱ्याचा रंग ठरवू नका. तो रंग यंत्रानं अंदाजानं भरलेला असतो. चेहरा स्पष्ट करणारी यंत्रंसुद्धा नसलेले डोळे-ओठ रचून देतात. मूळ फोटो तसाच स्कॅन करा, पाठीमागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का आणि कोणाचं अक्षर, हेसुद्धा पुरावेच आहेत.

माझी एवढी कळकळ का, तेही सांगतो. घोड्याचे आईबाप, आजे-पणजे पुस्तकात छापलेले असतात. मालकाचे रंग, जॉकीचं वजन, सगळं नोंदलेलं असतं. पहाटे चारला उठून त्या घोड्याला खरारा करणाऱ्या सईसाचं नाव निकालात कुठेच येत नाही. माझ्या वडिलांचंही आलं नाही. तो माणूस ओळखणारं कोणी असेल तर ते फक्त त्याच्या घरात असतं, आणि तेही आणखी थोडीच वर्षं. म्हणून घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढे फोटो ठेवा. मऊ पेन्सिलीनं मागे लिहा: कोण, कुठे, कोणी सांगितलं, कधी सांगितलं. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला. घोड्याचं नाव उद्याही शोधता येईल. सईसाचं आजच लिहून घ्या.