वीस पटींची भिंत

सांडोर गावातल्या एका वाडीतली मुलगी घरी बसून प्लाझ्मावर काम करते, असं कानावर आलं म्हणून गेलो. ठिणगी नाही, ज्वाळा नाही. टेबलाखाली पंख्याची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते.

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे होतील इतका तापलेला वायू. तो चुंबकीय क्षेत्रात कोंडण्याचे प्रयोग गांधीनगरजवळ ‘आदित्य’ या टोकामॅक यंत्रावर १९८९पासून झाले. यंत्रात जे मोजता येत नाही, ते संगणकात शोधायचं. कणांचा विद्युतभार जाळीवर वाटायचा, त्यावरून क्षेत्र काढायचं, त्या क्षेत्राने कण पुढे सरकवायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, लाखो वेळा.

“मग कण प्रोसेसरच्या हजार कोअरना वाटून दिले की काम हजार पट लवकर?”

“वीस पट, काका. शंभरातलं पाच भाग काम वाटता येत नसेल, तर कितीही कोअर लावा, विसाच्या पुढे जाता येत नाही.”

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हा नियम तिच्या आईने फुलं निवडता निवडता सोपा केला. “खुडायला बायका वाढवशील. दादरला जाणारी गाडी एकच ना?”

वीस. हा आकडा डोक्यातून जाईना.

शिवाय वाटणीतही खोच असते. दोन कोअर जाळीच्या एकाच चौकटीत एकाच क्षणी भार मिळवायला गेले, तर एकाची बेरीज पुसली जाते. संगणक तक्रार करत नाही. “कोड बंद पडला तर बरं,” ती म्हणाली. “हा बंद पडत नाही, खोटं बोलतो.” कुलूप लावलं तर कोअर रांगेत थांबतात आणि वेग जातो. म्हणून ती कण आधी चौकटींप्रमाणे लावून घेते. त्या संध्याकाळी तिला आणखी एक अडसर सापडला: निकाल फाइलमध्ये लिहायचं काम एकटाच कोअर करत होता आणि बाकीचे सगळे हात बांधून उभे होते. आता प्रत्येकाने आपला भाग आपण लिहावा, असा बदल ती करत होती. बाहेर अंधार पडला तरी मान वर नाही.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असावाच. पण तेव्हापासून महासंगणकाची बातमी आली की आपण प्रोसेसर किती, वेग किती, एवढंच विचारतो. न वाटता येणारं काम कमी करायला कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. प्रोसेसर विकत मिळतात. विसाचे चाळीस करायचे तर त्या पाचाचे अडीच करावे लागतात, आणि ते कुणीतरी कोडची ओळ न् ओळ वाचल्याशिवाय होत नाही.