ग्लॅडिओलस : फूल कापा, पानं राखा



ग्लॅडिओलसचे कंद आणायचे, फुलांचं कौतुक करायचं आणि पानं सुकली की झाड मेलं म्हणून कुंडी रिकामी करायची, असं बऱ्याच घरी होतं. खरं तर पुढच्या वर्षीचं फूल त्याच कुंडीत, मातीखाली असतं. ते कसं राखायचं ते पाहू.

कंद समजून घेऊ

हा कंद म्हणजे जमिनीखालचं फुगलेलं खोड. त्याच्या आत कांद्यासारखे पापुद्रे नसतात. कापला तर सुरणासारखा भरीव दिसतो. जळगावकडच्या मुलांना केळीचा कंद दाखवला की हे पटकन समजतं. लावलेला कंद पानं-फुलं वाढवताना आटून जातो आणि त्याच्याच वर नवा कंद तयार होतो. या नव्या कंदाला अन्न पुरवतात ती पानं. म्हणून फुलाचा दांडा कापताना झाडावर निदान चार पानं ठेवावीत आणि पुढे दीड-दोन महिने पाणी देत राहावं.

लागवड

दसऱ्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ आपल्याकडे चांगला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’, ‘फुले तेजस’ अशा जाती आहेत. 4 ते 5 सेंमी व्यासाचा टणक कंद निवडा. खान्देशची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्यावा, पण हे काम मोठ्यांनीच करायचं. डोळा वर ठेवून 5 ते 7 सेंमी खोल लावा. दोन कंदांत 15 सेंमी अंतर आणि भरपूर ऊन हवं.

जात आणि थंडीनुसार 60 ते 90 दिवसांत फुलं येतात. 26 जानेवारीला शाळेत फुलदाणी सजवायची असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला थोडे आणि आठ-दहा दिवसांनी थोडे, असे कंद लावा. दांडा झुकू नये म्हणून तुराटीचा आधार द्या. खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसला की सकाळी दांडा कापा. बाकीच्या कळ्या फुलदाणीतल्या पाण्यात खालून वर उमलत जातात.

उन्हाळ्यातली काळजी

पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. कंद काढून दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा. खालचा सुरकुतलेला जुना कंद वेगळा करा. सोबतची बारीक पिल्लंही ठेवा; एक-दोन हंगामांनी तीही फुलतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. तेव्हा कंद पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जाळीच्या पिशवीत भरून घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर खोलीत टांगा. धाब्याचं घर असेल तर उत्तमच! पंधरा दिवसांनी एकदा पाहून मऊ पडलेले कंद काढून टाका.

वर्गासाठी प्रयोग

सारख्या वजनाचे दोन कंद लावा. फुलं आल्यावर एकाची सगळी पानं कापा, दुसऱ्याची ठेवा. मार्चमध्ये दोन्ही झाडांखालचे नवे कंद मुलांनाच तराजूत तोलू द्या. पान झाडासाठी काय करतं, हे मग फळ्यावर लिहून द्यावं लागणार नाही.